लाल पानं आणि अकरा गाठी

द्राक्षाचं पान मरायला लागलं की आधी त्याचा हिरवेपणा थकतो. पुढे शेतकी शाळेत हेच मला हरितद्रव्य, रंगद्रव्य असल्या शब्दांत शिकवलं गेलं, पण त्याच्या कितीतरी आधी माझ्या याडीनं ते दाखवलं होतं. याडी म्हणजे आमच्या बंजारा बोलीत आई. ती शाळेची पायरी कधी चढली नाही. तिचं हे बघणं ज्यानं उचललं आणि स्वतःच्या नावावर खपवलं त्याला मी माफ केलेलं नाही. ज्यानं तिला चारचौघींत मान खाली घालायला लावली त्यालाही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरायला नको.

आमचा तांडा आखाडा बाळापूरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. हिंगोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोजले जायचो. बा मी लहान असतानाच गेला होता. घरात याडी आणि मी, दोघीच. आमच्या भागात कापूस, ज्वारी, थोडी हळद, पाण्याच्या कडेला केळी. द्राक्ष कुणी लावत नव्हतं. फाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एका बड्या शेतकऱ्यानं नाशिककडून काड्या आणून काळ्या द्राक्षाची बाग उभी केली, तेव्हा लोक बैलगाड्या थांबवून बघायला जायचे. आम्ही सगळ्या त्याला मालक म्हणायचो. द्राक्षं त्याच्या बागेत बेताचीच लागायची, मिजास मात्र मांडवाच्या वर जायची.

याडी तिथं पहिल्या वर्षापासून कामाला होती. काड्या बांधणं, शेंडे मारणं, घडातले दाट मणी विरळ करणं, या कामात तिच्या बोटांना तोड नव्हती. बाग मांडवाची होती. वेलीचं खोड सरळ वर जातं, डोक्याच्या उंचीवर तारेला पोचलं की त्याचे दोन ओलांडे करतात, म्हणजे दोन आडव्या फांद्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बाया त्याला वेलीचे हात म्हणायच्या. पानांचं छप्पर वर, आणि आम्ही दिवसभर खाली, मान वर करून. वरून बघणाऱ्याला पान हिरवंगार दिसतं. खालून बघणाऱ्याला त्यातून गाळून आलेला उजेड दिसतो, आणि तो उजेड लपवाछपवी करत नाही.

मी तेव्हा बारावीला होते. सुट्टी असली की याडीबरोबर बागेत जायचे. हिवाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ती काडी बांधता बांधता थांबली आणि वर बघत राहिली.

"ह्या हाताची पानं थकल्यात," ती म्हणाली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, बागेत मात्र सगळ्यांसारखंच बोलायची तिची सवय होती.

मला काहीच दिसेना. मला दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या दिसत होत्या.

"काहून, काय झालं?"

"उद्या दावते."

दुसऱ्या दिवशी तिनं दोऱ्यांचा डबा आणला. हा डबा म्हणजे याडीचा जीव. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, आत भरतकामाचे दोरे. त्यात हिरव्याच रंगाचे इतके प्रकार की शहरातल्या दुकानात मिळायचे नाहीत. तांड्यात जुना फेटिया, म्हणजे आमचा घागरा, फाटला की त्यावर नवा दोरा घालत नाहीत. उन्हापाण्यानं कापड जितकं विटलंय तितकाच विटलेला दोरा शोधून टाका घालतात. सांधा दिसला तर बाया नावं ठेवतात. म्हणून याडी नवे दोरे घेऊन काही महिनाभर उन्हात ठेवायची, काही दोन महिने, काही तसेच. त्यामुळे तिच्या डब्यात एकाच हिरव्याची पूर्ण उतरण होती, गर्दपासून पोपटीपर्यंत आणि पोपटीपासून पिवळटापर्यंत.

तिनं एका ओलांड्याच्या पानाशेजारी एक दोरा धरला, दुसऱ्या ओलांड्याच्या पानाशेजारी दुसरा. दोन्ही पानं आपापल्या दोऱ्याशी जुळली, पण दोरे वेगळे होते. मग मला दिसलं. एकदा दिसल्यावर ते न दिसणं अवघड झालं.

पुढची अक्कल माझी. आणि पुढची चूकही माझीच. मी म्हटलं, आपण दर आठवड्याला रंग जुळवू आणि जो दोरा जुळेल त्याचा तुकडा त्या ओलांड्याजवळ तारेला बांधून ठेवू, म्हणजे कोणता हात किती वेगानं उतरतोय ते कळेल. कोणता दोरा कोणत्या आठवड्याचा हे ओळखू यावं म्हणून मी गाठी मारायचं ठरवलं. पहिल्या आठवड्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. शास्त्र शिकणाऱ्या पोरीचं डोकं ते. गाठी मारलेला दोरा झाडाला बांधलेला दिसला की आमच्या मुलखात लोक काय समजतात, हे त्या शास्त्रात लिहिलेलं नव्हतं.

पाच आठवड्यांत चित्र उघडं पडलं. कडेच्या दोन ओळींतल्या काही वेलींचा एकच हात उतरत होता. गर्द हिरव्यावरून पोपटी, मग पानाच्या कडेनं तांबूस, मग शिरांच्या मधल्या जागेत लाल. दुसरा हात मात्र पहिल्या दोऱ्यावरच ठाम. शेवटी तर मला याडीच्या डब्यातला लाल दोरा काढावा लागला.

"जमिनीत काही कमी असतं तं दोनी हात थकले असते," याडी म्हणाली. "एकच हात थकतो म्हंजी त्या हातातच काहीतरी बसून राहिलंय. आतून खाऊन राहिलंय."

"मालकाला सांगू?"

"आपुन सांगून कोन ऐकतंय. तो साहेब येतो त्याला सांग. तू शिकलेली हायेस."

साहेब म्हणजे बागेचा सल्लागार. नाशिककडचा. पंधरा दिवसांनी एकदा जीपमधून यायचा, पांढरे बूट घालून. पाटाचं पाणी बागेत मोकळं सोडलेलं असायचं, म्हणून तो ओळीत शिरायचा नाही, बांधावर उभा राहायचा आणि पान तोडून हातात मागवायचा. त्यानं लाल पान उलटसुलट केलं आणि म्हणाला, मॅग्नेशियम कमी आहे, दोन फवारण्या घ्या.

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, कमतरता असती तर दोन्ही ओलांड्यांवर आली असती. हे एकाच बाजूला आहे. खोडात किंवा ओलांड्यात कीड असेल. एकदा आत येऊन खालून बघा."

त्यानं मला पहिल्यांदा बघितलं. "कितवीला आहेस?"

"बारावीला."

"मग आधी बारावी हो."

बाया हसल्या, मालक हसला, मुकादम तर सगळ्यात जोरात हसला. तोवर काही डूख धरण्यासारखं झालं नव्हतं. तरुण पोरीला लोक हसतातच.

मॅग्नेशियमच्या दोन फवारण्या झाल्या. लाल हात वाढले. पुढच्या फेरीला साहेब आला तेव्हा मालक चिडलेला होता. सगळ्या मजुरांसमोर त्यानं विचारलं, "साहेब, तुमी म्हनले ते बराबर फवारलं. तरी बाग वाळून राहिली. आता काय?"

साहेबाचा चेहरा पडला. मला आठवतंय, त्यानं घड्याळ बघितलं, जीपकडे बघितलं आणि वर बघितलं. वर तारेला माझे दोरे होते. हिरवे, पोपटी, तांबूस, आणि एका वेलीवर लाल, पाच गाठींचा.

तो दोरा त्यानं दोन बोटांत धरला. "हे काय आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं. रंग, आठवडे, गाठी. त्यानं मला बोलू दिलं नाही. तो मालकाकडे वळला आणि म्हणाला, "मालक, मी औषधाचा माणूस. तुमच्या बागेत तर भलतंच चाललंय. हे माझ्या हातातलं नाही."

एवढंच. करणी हा शब्द त्यानं उच्चारलाही नाही, तो त्यानं आमच्या बायांसाठी आणि मुकादमासाठी ठेवला. आणि मालकाचं तोंड दुसरीकडे झाल्यावर तो माझ्याकडे बघून किंचित हसला. त्या माणसाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, हे मला त्या हसण्यात कळलं. विश्वास असता तर मी त्याला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. त्याला सगळं कळत होतं. त्याचं मॅग्नेशियम चुकलं होतं आणि अंगावर घ्यायला एक तांड्यावरची पोर सापडली होती.

मालकानं मला काही म्हटलं नाही. त्यानं याडीला पुढे बोलावलं.

"तुमच्या तांड्यात चालत असंल असलं. माझ्या बागेत न्हाई. तुज्या हातानं एकेक दोरा सोड. आन् ज्या ज्या येलीचा सोडशील तिच्या पाया पड."

याडीनं एकेक दोरा सोडला. गाठी बारीक होत्या, तिला नखांनी उकलाव्या लागल्या. प्रत्येक वेलीपाशी ती खाली वाकली आणि खोडाला कपाळ लावलं. चिखल होता. शेवटच्या वेलीपर्यंत तिचं कपाळ आणि नाकाचा शेंडा चिखलानं भरला होता. बाया बघत उभ्या होत्या. तिच्याबरोबर रोज भाकर खाणाऱ्या बाया. मी ओरडले, "याडी, नको." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दोऱ्यांचा गोळा तिनं ओच्यात बांधला आणि मालकाला म्हणाली, "चुकलं मालक. लेकरू हाय."

त्या दिवसापासून मी दोरेवाली झाले. हापशावर घागर लावली की बाया आपापल्या घागरी बाजूला घ्यायच्या. सेनगावकडून एक सोयरीक आली होती, माणसं बोलणी करून गेली होती, ती परत फिरली. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. ज्या पोरीच्या दोऱ्यानं बाग वाळते ती पोर घरात कोण नेईल? मला नवरा मिळाला नाही याचं दुःख मला फार काळ झालं नाही. माझं नाव गेलं याचं झालं. त्या बागेत, त्याच बायांसमोर, त्या दोघांपैकी एकानं तरी म्हणावं की पोरगी बराबर होती, एवढंच मला हवं होतं. त्याच्यासाठी मी पुढची कितीतरी वर्षं दात-ओठ खात काढली.

महिनाभरानं मालकानं याडीला परत कामावर बोलावलं, कारण मणी विरळ करायला तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. आणि ती गेली. मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. मग एकदा न राहवून म्हटलं, "तुला लाज कशी वाटत नाही?"

ती टाका घालत होती. तिनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आज वाळलेल्या येली तोडल्या. करवत लावली तं खोड पोकळ. आत बोटाएवढी पांढरी अळी. आरपार भोकं."

"मालकानं पाहिली?"

"पाहिली. मंग माझ्याकडं पाहिलं. मंग मुकादमाला म्हनला, जाळून टाक."

म्हणजे त्यालाही कळलं होतं. खोडकिडा. अळी आतून खोड पोखरते, तिचा भुसा बुंध्याशी पडतो, पण त्या वर्षी पाटाचं मोकळं पाणी तो वाहून न्यायचं म्हणून कुणाला दिसला नव्हता. आमच्या दोऱ्यांना मात्र किडा दिसला होता. मालकानं ते खोड सगळ्यांना दाखवलं असतं तर माझं नाव एका दिवसात धुऊन निघालं असतं. त्यानं ते जाळलं. तेव्हापासून माझ्या मनात त्याची जागा साहेबाच्या शेजारी पक्की झाली.

बारावीनंतर मी परभणीला शेतकीची पदविका केली. तिथं मला कळलं की ओलांड्याची साल आतून कापली गेली की पानात तयार झालेली साखर खाली उतरत नाही, पानातच साचते, आणि काळ्या द्राक्षाचं पान मग लाल रंग धरतं. म्हणून आधी हिरवा उतरतो आणि मग लाल चढतो. मी वहीत आकृती काढली आणि तिच्या खाली याडीचं वाक्य लिहिलं. प्रश्नपत्रिकेत ते लिहिता आलं नाही.

त्याच काळात जवळा बाजारला शेतकऱ्यांचा एक मेळावा होता. आम्हा मुलामुलींना नेलं होतं. मंचावर तोच साहेब. बूट तसेच पांढरे. बोलता बोलता तो म्हणाला, "मित्रहो, वेलीच्या एकाच ओलांड्याची पानं लाल झाली तर खतामागे धावू नका. कमतरता दोन्ही बाजूंना येते. एका बाजूला आली तर खोडात बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रश्नांच्या वेळी मी उभी राहिले. "साहेब, हे तुम्हाला कुणी दाखवलं?"

त्यानं मला ओळखलं. नक्की ओळखलं, कारण तो क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "अनुभव, ताई. वीस वर्षं बागा बघतोय." आणि पुढच्या माणसाकडे हात केला. मी खाली बसले. त्याचं मी काहीही बिघडवू शकणार नव्हते. तो आज इथं, उद्या सोलापुरात. पण मालक कुठं जाणार? त्याची बाग रस्त्याला खिळलेली होती.

जिल्हा वेगळा झाला, आणि पुढे काही वर्षांत मला कृषी सहायकाची नोकरी लागली. पुसेगावच्या बाजूची गावं माझ्याकडे. आठवडाभर तिकडे राहायचे आणि शनिवारी एसटीनं हिंगोली, कळमनुरी करत तांड्यावर यायचे. फाट्याच्या अलीकडे रस्ता पुलासाठी चढतो, तिथून मालकाची बाग वरून दिसते. मी नेहमी त्याच बाजूच्या खिडकीत बसायचे. देवळावरून जाताना लोक हात जोडतात, तशी मी त्या बागेवर नजर टाकायचे, फक्त मागणं वेगळं असायचं.

एका हिवाळ्यात ते मागणं पूर्ण झालं. चढावर गाडीनं वेग टाकला आणि मला दिसलं, कडेच्या ओळीत तीन-चार वेलींचा एकच हात विटला होता. लाल अजून नव्हता, फक्त विटला होता. इतर कुणाला ते दिसलं नसतं. मला जे झालं त्याला आनंद हाच शब्द आहे. मी तो लपवत नाही.

उपाय सोपा होता. बुंध्याशी भुसा दिसला की त्याच्या वर भोक शोधायचं, तारेनं अळी ओढून काढायची, औषधाचा बोळा आत घालायचा आणि चिखलानं तोंड बुजवायचं. लवकर कळलं तर बाग वाचते. मी कुणाला सांगितलं नाही. ती बाग माझ्या हद्दीत नव्हती, ही पळवाट मला होती, पण मी ती वापरत नाही. मी हेतूनं गप्प बसले. घरी जाऊन माझ्या डायरीच्या पानाला सुईनं एक दोरा ओवला, जुळणाऱ्या रंगाचा, आणि त्याला एक गाठ मारली. पुढच्या शनिवारी दुसरा दोरा, दोन गाठी. बाग उतरत गेली आणि माझी डायरी जाड होत गेली.

याडी अजून तिथंच कामाला होती. शनिवारी संध्याकाळी ती दमून यायची, बागेचं काही बोलायची नाही, मीही विचारायचे नाही. मला वाटायचं, हिला काय, ही त्या माणसाच्या मातीला कपाळ लावून आलेली, हिच्या डोक्यात सूड कुठला शिरायला. तिचा मला थोडा तिटकाराही यायचा. आईबद्दल असं लिहावं की नाही कळत नाही, पण यायचा.

माझ्या डायरीत नवव्या गाठीचा दोरा पडला त्या शनिवारी मालक स्वतः तांड्यावर आला. आमच्या दारात, चपला बाहेर काढून.

"मॅडम, तुमी सरकारी मानूस. एकदा बाग बघा. पानं लाल होऊन राहिली. साहेब आता येत न्हाई, फोन लावला तं उचलत न्हाई."

मॅडम. मी त्याला बसायला सांगितलं नाही. "मी बघीन," मी म्हटलं, "पण आधी एक करायचं. सगळ्या बायांसमोर उभं राहून सांगायचं की त्या वर्षी पोरगी बराबर होती आणि खोडात अळी तुम्ही बघितली होती."

त्यानं मान हलवली. "तुमी म्हनाल तसं. बाग वाचली पायजे."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळत होते ते इतक्या सहज हातात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. मालकानं बायांना गोळा करून ठेवलं होतं. तो घसा खाकरत होता. मी म्हटलं, आधी वेली बघते, मग बोला.

मी मांडवाखाली शिरले आणि वर बघितलं. एका हाताची पानं लाल, दुसऱ्याची हिरवी. शंकेला जागा नव्हती. मग सवयीनं खाली बघितलं, भुसा बघायला. आता पाटाचं पाणी राहिलं नव्हतं, मालकानं ठिबक केलं होतं, नळीतून थेंब थेंब पाणी. भुसा वाहून जायला वाव नव्हता. प्रत्येक दुखऱ्या वेलीच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा मूठभर ढीग असायला हवा होता. शेतातलं लहान पोरही तो दाखवू शकलं असतं.

बुंधा स्वच्छ होता. पुढच्या वेलीचाही. त्याच्या पुढच्याचाही. खोडाच्या सालीवरची भोकं ओल्या मातीनं लिंपलेली होती, आतून पोखरणाऱ्याला काही होणार नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही, अशी वरवर. बुंध्याभोवतीच्या मातीवर खराट्याच्या ताज्या रेघा होत्या. द्राक्षाच्या बागेत मांडवाखाली रोज कुणी झाडत नाही. आणि निरोगी वेलींखाली झाडलेलंही नव्हतं.

मी मान वर केली. ओळीच्या टोकाला याडी उभी होती, हातात खराटा. आमची नजरानजर झाली. तिनं नजर खाली घातली नाही.

मालक मागून येऊन पोचला होता. त्याच्या मागे बाया. "काय हाय मॅडम? मी बोलतो आता, सगळ्यायसमोर बोलतो. आधी सांगा, खोडात काही हाय का?"

मी अळी म्हटलं असतं तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता की मग भुसा कुठंय. दुसरा विचारला असता की झाडतं कोण. माझं नाव धुतलं जात होतं, आणि ते धुणारं पाणी याडीच्या अंगावर जाणार होतं.

मी एक लाल पान तोडलं. उलटसुलट केलं.

"मॅग्नेशियम कमी आहे," मी म्हटलं. "साहेब सांगायचे तेच. दोन फवारण्या घ्या."

मालकानं सुटकेचा श्वास टाकला. खोडात काही नसेल तर मग बोलायलाही काही राहिलं नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. त्यानं बायांना कामाला लावलं. मला चहा घेता का विचारलं. मी नाही म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं बाग मोडली. मांडवाच्या तारा भंगारात गेल्या. सात-आठ बायांचं रोजचं काम सुटलं, याडीचंही. त्या बायांचं मला आजही टोचतं, मालकाचं टोचत नाही. माझं नाव काही धुतलं गेलं नाही. बाग मोडली तेव्हा म्हाताऱ्या बाया म्हणाल्याच, दोरेवाली येऊन पान तोडून गेली होती म्हणून.

पण मी मॅग्नेशियम सांगितलं त्या सकाळी बागेतून तांड्याकडे आम्ही दोघी चालत निघालो होतो ते सांगायचं राहिलं. फाट्याच्या लिंबाखाली याडी टेकली. मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या किती गाठी झाल्या?" तिनं विचारलं. तिला डायरी माहीत होती. मी ती कधी दाखवली नव्हती.

"नऊ."

याडीनं फेटियाचा काठ उलटा करून मला दाखवला. आतल्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं गर्द हिरव्यापासून लालपर्यंत दोरे ओवलेले होते. शेवटच्यावर तिनं माझं बोट ठेवलं आणि मला मोजू दिलं. अकरा गाठी होत्या.

"वरून उशिरा दिसतं," ती म्हणाली, काठ झटकला आणि चालायला लागली.